खुपरीची लस आणि शाळकरी वयाची मुले : एका थांबलेल्या प्रयोगाचा इतिहास

सारांश

खुपरी या नेत्ररोगावर लस तयार करण्याचे प्रयत्न १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. तैवान, सौदी अरेबिया, गांबिया, इथिओपिया आणि भारतातील पंजाब या प्रदेशांत मुलांवर या लसींच्या क्षेत्रीय चाचण्या झाल्या. टिकाऊ संरक्षण हाती आले नाही. उलट लस घेतलेल्यांमध्ये पुढील संसर्ग अधिक तीव्र होतो की काय, अशी शंका निर्माण झाली. प्रस्तुत लेखात या चाचण्यांची पार्श्वभूमी, दुष्परिणामांचे स्वरूप, मुलांच्या संमतीचा प्रश्न आणि लसीविना झालेले रोगनिर्मूलन यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. दुष्परिणाम किती झाले यापेक्षा ते मोजण्याची व्यवस्था कितपत होती, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : खुपरी, लस-चाचणी, दुष्परिणाम, शाळकरी मुले, माहितीपूर्ण संमती

१. प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात यशस्वी लसींची नोंद विस्ताराने होते. देवी, प्लेग, पोलिओ, गोवर यांवरील लसींच्या कथा शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचल्या आहेत. ज्या लसी अयशस्वी ठरल्या, त्यांचा इतिहास मात्र जुन्या नियतकालिकांच्या पानांतच राहतो. वास्तविक विज्ञानाच्या कार्यपद्धतीची आणि समाजाशी असलेल्या त्याच्या नात्याची खरी परीक्षा अशा अपयशाच्या प्रसंगीच होत असते. या दृष्टीने खुपरीच्या लसीचा इतिहास अभ्यासनीय आहे.

महाराष्ट्रात हा आजार ‘खुपऱ्या’ या नावाने जुन्या पिढीला चांगला परिचित होता. डोळ्यात खडा खुपावा तशी वेदना, पापण्यांच्या आतील बाजूस उठणारे दाणे, सतत वाहणारे पाणी ही त्याची लक्षणे. उत्तर भारतात त्यालाच ‘रोहे’ किंवा ‘कुकरे’ म्हणतात. वैद्यकीय परिभाषेत तो ट्रॅकोमा होय. संसर्गामुळे अंधत्व आणणाऱ्या आजारांत त्याचे स्थान जगात पहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे १९ लाख लोकांच्या अंधत्वास वा दृष्टिदोषास हा आजार कारणीभूत आहे.

अशा आजारावर लस शोधण्याचा हेतू उदात्त होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न हेतूचा नसून पद्धतीचा आहे. ज्या मुलांच्या दंडात ही लस टोचली गेली, त्यांचे पुढे काय झाले हे सांगणारा पुरावा अपुरा का राहिला, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

२. आजाराचे स्वरूप व त्याचा कालावधी

लसीच्या चाचण्यांचे मूल्यमापन करण्यापूर्वी आजाराचा जीवनक्रम समजून घेणे आवश्यक आहे. खुपरीचा रोगकारक ‘क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस’ हा पेशींच्या आत वाढणारा सूक्ष्मजीव आहे. हात, कपडे, डोळ्यांतील व नाकातील स्राव आणि माश्या यांच्याद्वारे त्याचा प्रसार होतो. जेथे पाणी दुर्मिळ आणि घरे दाटीची, तेथे तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो.

संसर्ग मुख्यत्वे बालपणी होतो. एकदा झालेला संसर्ग बहुधा बरा होतो. परंतु तो पुन्हा पुन्हा होत राहिला तर पापणीच्या आतील अस्तरावर व्रण पडतात. वर्षानुवर्षे हे व्रण आकसत जातात, पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावरील पारदर्शक पटलावर घासू लागतात. त्यातून पटल धुरकट होऊन दृष्टी जाते. संसर्ग पाचव्या वर्षी आणि अंधत्व चाळिशीत किंवा त्यानंतर, असा हा दीर्घ क्रम आहे. मुलांच्या निकट सहवासात राहावे लागत असल्याने स्त्रियांमध्ये अंधत्वाचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळते.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की येथे शरीराची प्रतिक्रिया हाच आजाराचा मोठा भाग आहे. रोगकारक स्वतः जेवढी हानी करतो, त्याहून अधिक हानी त्याच्याविरुद्ध उठणाऱ्या दाहामुळे होते. त्यामुळे प्रतिकारयंत्रणेला चेतविणारी लस संरक्षक ठरेल की दाहवर्धक, हे आधी सांगणे कठीण असते. दुसरी गोष्ट अशी, की लसीमुळे अंधत्व टळले किंवा वाढले हे ठरविण्यासाठी दोन-तीन वर्षांचे निरीक्षण पुरे पडत नाही. या दोन्ही बाबींचा संबंध पुढील विवेचनात वारंवार येणार आहे.

३. रोगकारकाचा शोध : जावा ते बीजिंग

१९०७ मध्ये हाल्बरस्टेटर आणि प्रोवाझेक या संशोधकांनी जावा बेटावर खुपरीच्या रुग्णांचा स्राव ओरांगउटानच्या डोळ्यात घालून पाहिला. त्यानंतर पेशींमध्ये त्यांना सूक्ष्म कणांचे पुंजके दिसले. रोगकारक दिसला, पण प्रयोगशाळेत वाढविता आला नाही. पुढील अर्धशतक त्याच्या शोधात गेले. जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची यांनी १९२० च्या दशकात एका वेगळ्याच जीवाणूला कारणीभूत ठरविले. तो दावा पुढे टिकला नाही.

ही कोंडी फोडली ती बीजिंग येथील टांग फेइफान यांनी. नेत्रतज्ज्ञ झांग शियाओलोउ यांच्या सहकार्याने त्यांनी कोंबडीच्या फलित अंड्यातील बलकाच्या पिशवीत हा रोगकारक वाढविला आणि १९५७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५८ च्या आरंभी त्यांनी हा जंतू स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला आणि आजाराची लक्षणे नोंदविता यावीत म्हणून सुमारे ४० दिवस उपचार घेतले नाहीत. त्याच वर्षी, राजकीय छळाच्या वातावरणात, ३० सप्टेंबर रोजी त्यांनी आत्महत्या केली. जवळपास त्याच सुमारास लेस्ली कॉलियर आणि जोसेफ सोवा यांनी गांबियातील रुग्णांपासून हा रोगकारक वेगळा करून टांग यांच्या शोधाला दुजोरा दिला.

येथे मुंबईच्या इतिहासातील एका प्रसंगाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. संशोधकाने धोका आधी स्वतः पत्करण्याची ही परंपरा टांग यांच्यातही दिसते. परंतु प्रयोगशाळेतून गावात आणि शाळेत जाताना ही परंपरा मागे पडते. तेथे धोका पत्करणारा आणि निर्णय घेणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असतात.

जंतू अंड्यात वाढू लागताच लसीचा मार्ग मोकळा झाला असे मानले गेले. याच पद्धतीने इन्फ्लुएन्झा आणि पीतज्वर यांच्या लसी तयार होत होत्या. रोगकारकाला तेव्हा ‘विषाणू’ समजले जात होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. तो प्रत्यक्षात जीवाणू आहे, हे १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य झाले नव्हते. म्हणजे रोगकारकाचे स्वरूप पुरते निश्चित होण्यापूर्वीच त्याच्यावरील लस मुलांना टोचली जाऊ लागली होती.

४. प्रयोगभूमी : तैवानपासून पंजाबपर्यंत

पहिली क्षेत्रीय चाचणी तैवानमध्ये १९५९–६० मध्ये झाली. तैपेई येथे अमेरिकी नौदलाची वैद्यकीय संशोधन संस्था होती. तेथील जे. थॉमस ग्रेस्टन, सान-पिन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही लस तयार केली. प्रारंभी राष्ट्रीय संरक्षण वैद्यकीय केंद्रातील विद्यार्थी स्वयंसेवकांवर अभ्यास झाला; त्यांत अंड्यात वाढविलेला जंतू डोळ्यात घालून प्रतिक्रिया पाहण्याच्या प्रयोगाचाही समावेश होता. त्यानंतर लहान मुलांना लस देण्यात आली. ग्रेस्टन पुढे अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. तैवानमधील काम मात्र चालू राहिले.

सौदी अरेबियात हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने तेल कंपनी अरामकोच्या आर्थिक साहाय्याने १९५० च्या दशकाच्या मध्यापासून खुपरीचे संशोधन आरंभिले होते. तेथे दोन उपप्रकार एकत्र असलेली लस तीन वेगवेगळ्या मात्रांत देऊन पाहण्यात आली. गांबियात ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आश्रयाने सोवा, कॉलियर व सहकाऱ्यांनी चाचण्या केल्या. इटालियन नेत्रतज्ज्ञ बिएत्ती यांच्या गटाने १९६० ते १९६५ या काळात इथिओपियात मोठ्या प्रमाणावर लसीकरण केले.

भारतात राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम १९६३ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी १९५६ पासून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या सहकार्याने प्रायोगिक प्रकल्प चालू होता. पंजाब हा या आजाराचा बालेकिल्लाच होता. तेथील खेड्यांतील मुलांवर दोन प्रकारच्या द्विसंयोजी लसींची चाचणी झाली. एस. पी. धीर, एल. पी. अग्रवाल हे भारतीय नेत्रतज्ज्ञ आणि डेटेल्स, वांग, ग्रेस्टन हे परदेशी संशोधक यांनी मिळून तिचा अहवाल १९६७ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

या सर्व प्रदेशांची एकत्रित यादी पाहिली तर एक समान सूत्र आढळते. वसाहत, नुकतेच स्वतंत्र झालेले राष्ट्र, लष्करी छावणीचे सान्निध्य किंवा तेल कंपनीचे क्षेत्र, अशा ठिकाणी चाचण्या झाल्या. लस तयार करणारे आणि निष्कर्ष छापणारे मात्र बहुतांशी सिअ‍ॅटल, बोस्टन, लंडन आणि रोम येथील होते. आजार जेथे आहे तेथेच चाचणी होणार, हा युक्तिवाद रास्त आहे. तथापि, चाचणी संपल्यावर संशोधक परत गेले आणि मुले तेथेच राहिली, ही वस्तुस्थितीही तितकीच खरी आहे.

५. दुष्परिणामांच्या तीन पातळ्या

‘लसीचा दुष्परिणाम’ म्हटले की सुई टोचल्या जागी सूज, ताप, अंगदुखी एवढेच सामान्यतः डोळ्यांसमोर येते. खुपरीच्या लसीच्या संदर्भात दुष्परिणामांच्या तीन पातळ्या मानाव्या लागतात.

पहिली पातळी तात्कालिक परिणामांची. या लसी अंड्यात वाढविलेल्या असल्याने त्यांत अंड्यातील प्रथिनांचा अंश राहण्याचा संभव होता. प्रतिकारशक्ती अधिक जागृत व्हावी म्हणून काही लसींत खनिज तेल मिसळले जाई. अशा तेलयुक्त लसींमुळे टोचल्या जागी गाठ येणे, क्वचित गळू होणे, हा अनुभव त्या काळात इतर लसींबाबतही आला होता. हे परिणाम त्रासदायक असले तरी दिसणारे होते. त्यांची नोंद करणे शक्य होते.

दुसरी पातळी अधिक गंभीर आहे. लस घेतलेल्या व्यक्तीला पुढे नैसर्गिक संसर्ग झाला, तर तिचा आजार लस न घेतलेल्यापेक्षा तीव्र होतो काय? वांग, ग्रेस्टन आणि अलेक्झांडर यांनी १९६७ मध्ये माकडांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लस दिलेल्या माकडांच्या डोळ्यात लसीतील उपप्रकाराहून वेगळ्या उपप्रकाराचा जंतू घातला असता काहींचा आजार अधिक उग्र झाला आणि बुबुळाच्या पटलावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरले, असे त्यांत आढळले. लसीमुळे निर्माण झालेली अतिसंवेदनशीलता हे त्याचे कारण असावे, असा तर्क मांडण्यात आला. मानवी चाचण्यांतही लस घेतलेल्या काही व्यक्तींमध्ये संसर्ग अधिक तीव्र झाल्याचे उल्लेख पुढील वाङ्मयात येऊ लागले.

येथे इतिहासकाराने सावध राहणे आवश्यक आहे. माकडांतील पुरावा स्पष्ट असला तरी मुलांमधील पुरावा तेवढा बळकट नाही. अलीकडील काळात जुन्या चाचण्यांचा पुन्हा आढावा घेणाऱ्या संशोधकांनी, लसीमुळे मुलांचा आजार वाढला हे निर्विवाद सिद्ध होत नाही, असे मत नोंदविले आहे. मात्र सिद्ध न होणे आणि न घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निरीक्षकांनी पापणी उलटून दाणे मोजण्याची पद्धत व्यक्तिसापेक्ष होती. निरीक्षणाचा काळ थोडा होता. मुलांना त्याच काळात पुन्हा पुन्हा संसर्ग होत होता. रोगकारकाचे उपप्रकार नेमके ओळखण्याची सूक्ष्म प्रतिदीप्ती पद्धत वांग आणि ग्रेस्टन यांनी विकसित केली ती १९७० च्या सुमारास, म्हणजे बहुतेक चाचण्या झाल्यानंतर. त्यामुळे कोणत्या मुलाला कोणत्या उपप्रकाराचा संसर्ग झाला आणि लसीने त्यात नेमके काय केले, हे त्या वेळी ठरविता येणे अवघड होते.

शिवाय कालक्रम लक्षात घेतला पाहिजे. माकडांवरील वरील निष्कर्ष छापून आले तेव्हा तैवानच्या पहिल्या चाचणीतील मुलांना लस टोचून सात वर्षे लोटली होती.

तिसरी पातळी दीर्घकालीन परिणामांची. व्रण आणि अंधत्व हे या आजाराचे खरे अंतिम टोक. तेथपर्यंत पाठपुरावा करणारे अभ्यास मोजकेच झाले. तैवानच्या पहिल्या चाचणीचा पाठपुरावा १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर भारतातील खेड्यांतील लस-चाचणीचा दीर्घ पाठपुरावा १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. ही लस पुन्हा वापरात आणावी असा आधार त्यांतून मिळाला नाही. जे संरक्षण काही चाचण्यांत दिसले होते ते अल्पकालीन होते. जी मुले १९६० मध्ये पाच-सहा वर्षांची होती, ती अंधत्वाच्या वयाला पोहोचेपर्यंत संशोधनाचा निधी, संशोधक आणि विषय सर्वच बदललेले होते. आजार तीस-चाळीस वर्षांचा आणि प्रयोग दोन-तीन वर्षांचा, ही विसंगती या चाचण्यांच्या मुळाशीच होती.

६. संमतीचा प्रश्न

चाचण्यांसाठी मुलेच का निवडली गेली, याचे वैद्यकीय उत्तर सरळ आहे : संसर्ग मुलांनाच होतो. परंतु त्याला एक व्यावहारिक बाजूही आहे. खुपरीविरोधी कार्यात शाळा हे सर्वत्र सोयीचे केंद्र होते. प्रतिजैविक मलमाच्या मोहिमा शाळांतूनच चालत. वर्गात मुले एकत्र असतात, हजेरीपटावर त्यांची नावे असतात आणि शिक्षकाने सांगितले की ती रांगेत उभी राहतात. रांगेत उभे राहणे आणि संमती देणे यांतील भेद त्या काळाच्या वैद्यकीय लेखनात क्वचितच चर्चिला जाई.

१९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने प्रयोगातील व्यक्तीची स्वेच्छा संमती अनिवार्य मानली, पण मुलांसाठी वेगळी तरतूद केली नाही. जागतिक वैद्यक संघाचे हेलसिंकी घोषणापत्र १९६४ चे. त्यात अज्ञानाच्या वतीने कायदेशीर पालकाच्या संमतीचा विचार झाला. म्हणजे तैवानमधील पहिली चाचणी या घोषणापत्राच्या चार-पाच वर्षे आधीची आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे मानवी संशोधनविषयक पहिले नैतिक धोरण १९८० मध्ये आले. आजच्या मापदंडाने त्या काळाला दोषी ठरविणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. पण त्या काळीही एक प्रश्न विचारता येण्यासारखा होता : प्रतिजैविक मलम उपलब्ध असताना तुलनागटातील मुलाला ते केव्हा द्यायचे, आणि याचा निर्णय कोणी करायचा?

नियम आले तरी प्रश्न सुटत नाही, याचे उदाहरण आपल्याच देशात अलीकडे घडले. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वयोगटातील मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प राबविला गेला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. चौकशीत असे आढळले, की आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुख वा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. प्रकल्पकाळातील मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे चौकशी समितीला आढळले नाही आणि ही लस आज जगभर वापरात आहे. तरीही संसदीय स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली. लस सुरक्षित असणे आणि संमती योग्य रीतीने घेतली जाणे या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत, हे यातून स्पष्ट होते. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पालकाच्या संमतीबरोबरच सात वर्षांवरील मुलाचीही मान्यता घेण्याची अपेक्षा व्यक्त केली, हा या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा होय.

७. समांतर उदाहरणे

लसीमुळे पुढील आजार उग्र होण्याची घटना खुपरीपुरती मर्यादित नाही. त्याच दशकात अमेरिकेत श्वसनमार्गाच्या एका विषाणूवर फॉर्मालिनने निष्क्रिय केलेली लस तान्ह्या मुलांना देण्यात आली. एका अभ्यासात लस घेतलेल्या व नंतर संसर्ग झालेल्या बालकांपैकी ८० टक्के बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, दोघे दगावले. १९६३ मध्ये मान्यता मिळालेली गोवराची मृत विषाणूंची लस १९६७ मध्ये मागे घेण्यात आली, कारण ती घेतलेल्या काही मुलांना पुढे गोवराचा अनियमित व तीव्र प्रकार झाला.

अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, फिलिपाइन्समध्ये डेंग्यूची लस शाळांमधून आठ लाखांहून अधिक मुलांना देण्यात आली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही अशांना या लसीनंतर तीव्र डेंग्यूचा धोका वाढू शकतो, असे उत्पादक कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केले. त्यानंतर तेथील जनतेचा सर्वच लसींवरील विश्वास ढासळला. लसीकरणाचे प्रमाण घटले आणि २०१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली.

या उदाहरणांच्या उलट १९०२ मधील मुलकोवालचा प्रसंग ठेवून पाहावा. पंजाबातील या गावात मुंबईहून आलेल्या प्लेगच्या लसीच्या एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. हाफकिन यांना निलंबित व्हावे लागले, चौकशी झाली, वाद लंडनपर्यंत गेला आणि अखेर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. मुलकोवालची हानी थोड्याच दिवसांत सर्वांना दिसली, म्हणून तिचा जाब विचारला गेला. खुपरीच्या लसीने काही हानी केली असेल, तर ती वर्षांनंतर, पुढच्या संसर्गाच्या रूपाने, रोगाच्याच वेषात येणार होती. ती लसीमुळे आली असे आईबापांना कळण्याचा मार्ग नव्हता. तिची चौकशी मागणारा कोणी असणेही शक्य नव्हते. ही जबाबदारी सर्वस्वी चाचणी करणाऱ्यांच्या नोंदवहीवर होती.

८. लसीविना निर्मूलन

१९७० च्या दशकात खुपरीच्या लसीचे प्रयत्न जवळजवळ थांबले. अल्पकाळ टिकणारे संरक्षण आणि हानीची शंका ही दोन कारणे त्यामागे होती. त्यानंतरचे नियंत्रण अन्य मार्गांनी साधले गेले. वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर व पाण्याची सुधारणा या चतुःसूत्रीवर आधारित जागतिक मोहीम १९९० च्या दशकात उभी राहिली. अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची एकच मात्रा पुरेशी ठरू लागल्याने तिला गती मिळाली.

भारतात १९७६ मध्ये खुपरी नियंत्रण कार्यक्रम राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट झाला. १९७१ मध्ये देशातील अंधत्वापैकी ५ टक्के अंधत्व खुपरीमुळे होते. ते प्रमाण पुढे एक टक्क्याच्याही खाली आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपरीचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित केले. गांबियाला हे प्रमाणपत्र २०२१ मध्ये मिळाले. म्हणजे लस टोचली गेलेल्या प्रदेशांपैकी या दोन देशांतून आजार हटला तो नळाचे पाणी, साबण, मलम आणि गोळ्या यांच्या बळावर.

तथापि, लसीची गरज संपली असे म्हणता येणार नाही. हाच रोगकारक अन्य उपप्रकारांच्या रूपाने जननमार्गाचा संसर्ग आणि स्त्रियांमध्ये वंध्यत्व घडवितो. त्यामुळे नव्या पद्धतीच्या लसीचे संशोधन पुन्हा सुरू झाले आहे. डेन्मार्क आणि ब्रिटनमधील संस्थांनी तयार केलेल्या एका लसीच्या पहिल्या मानवी चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ३५ निरोगी प्रौढ स्त्रियांनी भाग घेतला होता. या वेळी आरंभ मुलांपासून झाला नाही, संपूर्ण जंतूऐवजी त्यातील निवडक प्रथिनाचा वापर झाला आणि सुरक्षितता हाच पहिला प्रश्न ठेवला गेला. १९६० च्या दशकातील शंकेची छाया येथे स्पष्ट दिसते.

९. समारोप

खुपरीच्या लसीच्या इतिहासातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, लसीचा दुष्परिणाम हा केवळ टोचल्यानंतरच्या काही दिवसांत मोजण्याचा विषय नाही. ज्या आजारात शरीराची प्रतिक्रियाच हानी करते, तेथे तो पुढील संसर्गापर्यंत आणि आजाराच्या अंतिम अवस्थेपर्यंत मोजला पाहिजे. दुसरा, अपुऱ्या पाठपुराव्याने दोन्ही पक्षांचे नुकसान झाले. मुलांचे काय झाले हे निश्चित कळले नाही. आणि शंका ना सिद्ध झाली ना दूर झाली, म्हणून लसीचे संशोधनही अनेक दशके खोळंबले. तिसरा, शाळा हे सार्वजनिक आरोग्याचे प्रभावी माध्यम आहे. परंतु उपचार पोहोचविण्याची सोय आणि प्रयोग करण्याची मुभा या दोहोंची गल्लत होता कामा नये. शाळेवर समाजाने टाकलेला विश्वास हा पालकाच्या संमतीला पर्याय ठरू शकत नाही.

या चाचण्यांतील संशोधकांनी रोगकारकाच्या ज्ञानात मोलाची भर घातली, हे मान्य केलेच पाहिजे. क्लॅमिडियाच्या उपप्रकारांचे वर्गीकरण आणि प्रतिपिंडांच्या तपासणीच्या पद्धती यांचा पाया याच काळात घातला गेला. त्या ज्ञानाचा लाभ जगाला झाला. मात्र ज्यांच्या दंडावर ही सुई टोचली गेली, ती पंजाबच्या, गांबियाच्या, तैवानच्या खेड्यांतील मुले वैज्ञानिक अहवालांत फक्त संख्येच्या रूपाने उरली. ती आज सत्तरीच्या आसपास असतील. त्यांच्यापैकी कोणाची दृष्टी लसीमुळे वाचली वा गेली, हे आता सांगता येणार नाही. यापुढे कोणत्याही नव्या लसीची चाचणी शाळकरी मुलांवर करण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा पाठपुराव्याचा कालावधी आजाराच्या कालावधीशी जुळतो काय, हा प्रश्न पहिली सुई टोचण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे.